पेशंटची खुर्ची

गेले काही दिवस डावा हात जड वाटतोय.

माझा नवरा मागच्या वर्षी वारला.

पोटात दुखतं. इथे. नाही, जरा खाली. दाबलंत की दुखतं, हात काढलात की जास्त दुखतं.

दारू? छे. (पुन्हा विचारल्यास: पाहुणे आले की घोटभर. तिसऱ्यांदा विचारल्यास खाली बघावे.)

मला काही झालेलं नाही. मुलीने ओढून आणलं म्हणून आले.

पाचवा महिना. (उशी पोटाला बांधावी. गाठ मागे.)

नवरा बाहेर गाडीत बसलाय. त्याला यातलं काही सांगू नका.

*

वरची सगळी वाक्यं माझ्या तोंडची आहेत. खरं त्यातलं शेवटचंच, तेही अर्धं: नवरा मला न्यायला येतो तेव्हा खरोखरच बाहेर गाडीत बसलेला असतो. बाकी मला मूल नाही, दारू चालत नाही, हात दोन्ही हलके आहेत.

मी खोटी पेशंट आहे. मेडिकल कॉलेजच्या कागदावर ‘सराव-रुग्ण’ असं लिहितात. विद्यार्थ्यांना खऱ्या आजारी माणसांवर सोडण्याआधी आमच्यावर सोडतात. आठवड्यातून दोनदा मी तळमजल्यावरच्या पडद्याच्या खोल्यांत बसते आणि एकामागून एक मुलंमुली आत येऊन मला काय होतंय ते विचारतात. त्यांचे हात गार असतात. काही जण नाडी बघताना माझ्या मनगटावर आपला अंगठा ठेवतात आणि स्वतःचीच नाडी मोजून जातात. मी काही बोलत नाही. न बोलणं हाच आमचा धंदा.

प्रत्येक आजाराचं एक कार्ड असतं. वर ‘सुरुवातीचे वाक्य’, ते आपण होऊन म्हणायचं आणि थांबायचं. त्याखाली ‘विचारल्यास सांगावे’. सगळ्यात खाली ‘नेमके विचारल्यासच सांगावे’, आणि खरी गोम तिथे असते. मुलाने नेमकं विचारलं नाही तर ती गोम पोटात ठेवून मी गप्प बसायचं. तो नापास होतो, मी चहा प्यायला जाते.

एक गोष्ट मात्र कार्डावर कधीच नसते: मला झालंय काय. ते कळलं तर आम्ही भुवया उडवून मुलांना खुणा करू, अशी कॉलेजला भीती. आमच्यात एक कण्हणारे काका आहेत. पूर्वी बसमध्ये तिकिटं तपासायचे. मनात आणलं की त्यांना घाम फुटतो. ते म्हणतात, “आपण पोस्टमन. पाकीट पोचवायचं, फोडायचं नाही.”

मला ते कधी पटलं नाही. इतकी वर्षं माझा डावा हात जड आहे. मुलगा सगळं विचारतो, गंभीरपणे मान डोलावतो, घंटा वाजते, तो जातो. मग हाताचं पुढे काय झालं? मी वाचले का? नवऱ्याला कळवलं का कोणी?

त्यापायी मी कॅन्टीनमध्ये मुलांना गाठायला लागले.

“काय रे, मघाशी मला काय झालं होतं?”

“मावशी, ते सांगायचं नसतं आम्हाला.”

“अरे, आजार माझा आहे.”

एक मुलगी जरा दयाळू निघाली. “नस दबली असेल,” ती म्हणाली. “नाहीतर मेंदूत काहीतरी.”

“या दोन्हींत फरक आहे गं.”

“तोच पुढच्या वर्षी शिकवणार आहेत,” असं म्हणून तिने बिस्किट चहात बुडवलं.

सुरुवातीचे वाक्य

बाई, वय चव्वेचाळीस.

तक्रार: डॉक्टर व्हायचंय.

केव्हापासून: बिस्किट बुडाल्यापासून.

आधी कधी असा त्रास झाला होता का: नाही. कॉलेजला गेले होते, पदवीच्या आधीच सोडलं.

घराण्यात आणखी कोणाला: कोणालाही नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. सासूबाई आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात लोकांचे नंबर जोडून देत होत्या.

कशाने बरं वाटतं: कशानेही नाही.

विचारल्यास सांगावे

सासूबाईंबद्दल आधीच सांगायला हवं.

कार्ड घरी आणून पाठ करावं लागतं, आणि पाठ झालंय की नाही ते बघायला समोर कोणीतरी डॉक्टर लागतो. आमच्या घरी ते काम सासूबाईंनी घेतलं. मी मागितलं नव्हतं. एकदा मी भिंतीशी बोलताना त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, “भिंत काय विचारणार तुला. इकडे ये.”

खिडकीपाशी त्यांची एक लाकडी खुर्ची आहे. ती डॉक्टरची. समोरचं स्टूल पेशंटचं. त्या चष्मा नाकावर खाली ओढायच्या, मांडीवरचं मटाराचं ताट बाजूला करायच्या आणि टेलिफोन ऑफिसातल्या आवाजात म्हणायच्या, “पुढचा.”

पुढची मीच. मागचीही मीच असायची.

“बोला. काय होतंय?”

“पोटात दुखतं.”

“पाणी कमी पितेस.”

“आई, अजून विचारायचं असतं. केव्हापासून, कुठे, कसं.”

“विचारते ना. घाई कोणाला आहे इथे? केव्हापासून?”

“काल संध्याकाळपासून.”

“मग काल पाणी कमी प्यायलीस.”

त्यांच्या हाताखाली मी सगळ्या आजारांतून पाण्यावर बरी झाले. पण प्रश्न विचारायची त्यांना खरोखर आवड लागली. शेजारणीला जिन्यात थांबवून “झोप कशी लागते तुम्हाला?” असं विचारायच्या. पेपरवाल्याची जीभ बघितली. नवरा घरी आल्यावर बूट सोडायच्या आत त्याला “भूक आहे की नाही, आणि किती दिवसांपासून?” असं विचारलं जायचं.

“आई, मी दुपारी डबा खाल्लाय.”

“ते मी ठरवेन.”

मी मात्र त्यांना एक नियम पक्का शिकवला होता. पेशंटने आपण होऊन सांगायचं नाही. सगळं सांगून टाकलं तर डॉक्टर शिकणार कधी. ते ऐकून त्या विचारात पडल्या होत्या. स्वतः त्या असं काही पाळणाऱ्यातल्या नव्हत्या. बसथांब्यावर अनोळखी बाईला आपल्या गुडघ्यांचा इतिहास पहिल्या वाक्यापासून सांगणाऱ्या. पण नियम लक्षात ठेवला त्यांनी.

मग एके दिवशी कॉलेजच्या फलकावर मी ती सूचना वाचली. पदवी नसलेल्या प्रौढ उमेदवारांसाठी. विज्ञानाची एक परीक्षा, ती पार पडली तर मुलाखत, मुलाखत झाली तर थोड्याशाच जागा. मी ती फलकावरून उतरवून घेतली आणि घरी जेवणाच्या टेबलावर जाहीर केली.

नवरा घास चावत राहिला. त्याला कुठलीही गोष्ट पोचायला जरा वेळ लागतो. म्हणतो, सुरक्षेसाठी तसं ठेवलंय.

“पदवी नाहीये तुझ्याकडे,” शेवटी तो म्हणाला.

“लागत नाही. त्यांनी एक दरवाजा ठेवलाय.”

“दरवाजा प्रत्येक मजल्यावर असतो. लिफ्ट तिथे थांबते का, ते बघावं लागतं.”

“बघते की.”

“बघ. मी खाली उभा आहे.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. ताट उचललं आणि आत गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, ही आमच्या घरात बातमी होती.

दुसऱ्या दिवशी मी कार्ड घेऊन खिडकीपाशी गेले तर स्टुलावर कपड्यांची घडी होती.

“आई, जरा हे बघता?”

“मी काय बघणार. तू आता मोठ्या डॉक्टरांत जाणार.”

“अजून परीक्षाही नाही दिली मी.”

“देशील. मोठं पुस्तक आणलंयस ना ते.” आणि पाठ वळवून त्यांनी मटार सोलायला घेतले.

त्यानंतर खिडकीपाशी दवाखाना भरला नाही. शेजारीण जिन्यातून बिनचौकशीची जाऊ लागली. मला वाटलं, मी दिवसभर बाहेर असेन, एकटं पडायची भीती असेल. मला वाटलं, त्या बोलतील. मी वाट बघत राहिले. वाट बघण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मधलं वर्ष थोडक्यात सांगते, कारण थोडक्यातच ते सहन होतं. मी प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. रसायनशास्त्राचा मास्तर माझ्या भाच्याएवढा. पहिल्या दिवशी मला पाहून त्याने खडू खाली ठेवला. त्याला वाटलं मी तपासणीला आले. मी पाठांतर केलं, विसरले, पुन्हा केलं. भौतिकशास्त्र नवऱ्याने शिकवलं, सगळं लिफ्टच्या मापात. अजूनही मला गुरुत्वाकर्षण म्हटलं की आतला माणूस आणि तुटलेला दोर दिसतो. परीक्षा झाली. पास झाले, कसंबसं, पण कसंबसंलाही मुलाखतीचं पत्र येतं.

नेमके विचारल्यासच सांगावे

मुलाखत माझ्याच तळमजल्यावर, माझ्याच पडद्याच्या खोल्यांत होती. उमेदवाराने खोलीमागून खोली करायची. घंटा वाजली की पुढच्या दारात. एका खोलीत खोटा पेशंट असणार होता. आमची कामं वाटणाऱ्या मॅडमनी मला आधीच बजावलं होतं, “तुझ्या ओळखीचं कोणी नसेल हं. बाहेरगावाहून एक बाई बोलावलीय. ओळखीचं निघालं तर तुझी आख्खी मुलाखत बाद, आणि माझी नोकरीही.”

सासूबाई बरोबर आल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. गाडीत मागे बसल्या, पिशवी मांडीवर. नवरा खाली थांबला. आम्ही दोघी वऱ्हांड्यातल्या खुर्च्यांवर बसलो. आजूबाजूला इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं आणि त्यांच्या आया. शेजारच्या आईने माझ्याकडे झुकून विचारलं, “तुमचा मुलगा आत गेला का?”

“नाही, मीच जायचीय.”

“हो, पालकांनाही बोलावतात म्हणे आता,” ती म्हणाली आणि आपल्या मुलाची कॉलर ताठ केली.

शिपाई समोरून गेला. “ताई, आज कोणता आजार?”

“आज स्वतःचा,” मी म्हटलं. त्याने सहानुभूतीने मान हलवली.

पहिल्या खोलीत पेन फिरवणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या.

“डॉक्टर का व्हायचंय तुम्हाला?”

याचं उत्तर मी घोकलं होतं. पण खोली तीच, पडदा तोच, समोर कोणीतरी विचारणारं. तोंडातून सुरुवातीचं वाक्य गेलं. “मला काय झालंय ते कळून घ्यायचंय.” आणि मी थांबले. सुरुवातीचं वाक्य झालं की थांबायचं असतं.

पेन थांबलं. “तुम्हाला काही झालंय?”

“पुष्कळ.”

“म्हणजे?”

“डावा हात. पोट. हार्टचं दोनदा. मागच्या महिन्यात पाचवा महिना होता.”

बाईंनी माझ्या अर्जावरचं वय पाहिलं. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, “घरी कोण असतं तुमच्याबरोबर?”

“नवरा. म्हणजे तो वारला. आत्ता खाली गाडीत आहे.”

त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला. मी पाणी प्यायले, कारण तेवढ्यात मला कळलं होतं की मी काय बोलून बसले, आणि तोंड कशात तरी बुडवणं भाग होतं. घंटा वाजली. दारातून मी म्हटलं, “बाई, मी इथे खोटी पेशंट म्हणून काम करते.”

“अहो, मग आधी सांगायचं.”

“विचारलं नाहीत तुम्ही.”

दुसऱ्या खोलीत दोघं होते, एक जाड, एक जांभई देणारे.

“पदवी का पूर्ण केली नाहीत?” जाड डॉक्टरांनी विचारलं.

“कंटाळा आला.”

ते वाट बघत राहिले. मीही. या खेळात मी आजवर कोणाकडून हरले नाही.

“आणि या अभ्यासाचा नाही येणार कशावरून?” अखेर जांभईवाले म्हणाले.

“येईल की.”

“मग काय कराल?”

“तेव्हा कॉलेज सोडून मी पॅकिंगच्या कामाला गेले होते. आता मला पॅकिंगला कोणी घेणार नाही.”

जांभईवाल्यांनी पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले. काहीतरी लिहिलं. ते काय होतं ते मला उलटं वाचता आलं नाही.

आता तिसरी खोली. पण त्याआधी वऱ्हांड्यात काय झालं ते सांगते, मला ते नंतर कळलं.

बाहेरगावची बाई सकाळी जिन्यावर घसरली होती. पाय खरोखरच मुरगळला होता, पण ती ज्याला सांगेल तो म्हणे, “वा, छान जमलंय.” शेवटी तिला खऱ्या डॉक्टरकडे नेलं. मॅडम वऱ्हांड्यात डोक्याला हात लावून उभ्या. समोर खुर्चीवर एक वयस्कर बाई, मांडीवर पिशवी, एकट्या. मॅडमनी सासूबाईंना कधी पाहिलं नव्हतं.

“आजी, थोडा वेळ आहे का तुम्हाला? आत बसून चार मुलांशी बोलायचं. हे कार्ड. यातली बाई म्हणजे तुम्ही.”

सासूबाईंनी कार्ड लांब धरून वाचलं आणि उठल्या. तुमचं इथे कोण आहे, असं कोणी विचारलं नाही.

तिसऱ्या दारावर उमेदवारासाठी चिठ्ठी होती. आत एक वयस्कर बाई आहेत. घरी मदतनीस ठेवायला त्या तयार नाहीत. का, ते समजून घ्या.

मी दार ढकललं. कोपऱ्यात एक डॉक्टर हातात घड्याळ घेऊन बसलेले. खिडकीपाशी कोणीतरी पाठमोरं उभं, गुडघे मोकळे करत. टेबल, दोन खुर्च्या. मी सरळ गेले आणि पडद्याजवळच्या खुर्चीवर बसले. तिथेच मी वर्षानुवर्षं बसत आले. पाय तिथे नेतात, डोकं नंतर पोचतं.

खिडकीपाशी असलेलं माणूस वळलं. एकच खुर्ची रिकामी होती, त्यावर ते बसलं. चष्मा नाकावर खाली आला.

“बोला. काय होतंय?”

“छातीत धडधडतंय,” मी म्हटलं.

“केव्हापासून?”

“सकाळपासून.”

“पाणी कमी प्यायलीस.”

मग मी वर पाहिलं.

“आई?”

“मला कशाला आई म्हणतेस, मी पेशंट आहे,” सासूबाई म्हणाल्या. मग खुर्चीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. “नाही का? थांब. तू उठ.”

आम्ही दोघी उठलो, टेबलाला वळसा घालून समोरासमोर आलो, वाट काढायला दोघी एकाच बाजूला झालो. घड्याळवाले डॉक्टर उभे राहिले.

“काय चाललंय हे? पेशंट कोण आहे इथे?”

मी त्या क्षणी गप्प राहू शकले असते. “आई” तर कुठल्याही म्हाताऱ्या बाईला म्हणतात. सांगितलं तर मुलाखत बाद, वर्षभराचं रसायनशास्त्र बाद, आणि पुढच्या वर्षी तो दरवाजा असेलच असं कोणी लिहून दिलं नव्हतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या, म्हणजे त्या गप्प राहायला तयार होत्या.

“सर, या माझ्या सासूबाई आहेत,” मी म्हटलं.

डॉक्टर खाली बसले. मग सासूबाईंना म्हणाले, “हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“कोणी विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या. “नियम आहे तसा. हिनेच शिकवलाय.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बाहेर पुढची मुलं उभी. “आता काय करायचं?” ते स्वतःशीच बोलत होते. “पेशंट बदलला तर बाकीच्यांना एक आणि तुम्हाला दुसरा, तो अन्याय. हाच ठेवला तर तोही अन्याय.” जरा विचार करून म्हणाले, “करा सुरू. मी सगळं लिहून वर पाठवतो, त्यांचं डोकं दुखू दे. वेळ थोडाच उरलाय.”

मी डॉक्टरच्या खुर्चीवर बसले. ती जरा उंच होती. तिथून सगळंच वेगळं दिसत होतं. पेशंटच्या मागचं घड्याळही इथूनच दिसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

“नमस्कार. तुम्हाला घरी मदतीला कोणी नकोय असं कळलं.”

“नको.”

“का बरं?”

“नको म्हटलं ना.”

“मी समजू शकते तुम्हाला कसं वाटत असेल ते.”

“कसं वाटतंय मला?”

हे वाक्य मी शेकडो मुलांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यावर हा प्रश्न विचारायचं कधी कोणा पेशंटच्या मनात आलं नव्हतं.

“तुम्हाला कसली काळजी वाटते का?”

“नाही.”

“भीती?”

“कोणाची?”

मी कपाळ पुसलं. कोपऱ्यातून डॉक्टर हळूच म्हणाले, “आजी, आधीच्या मुलांना तर तुम्ही बसल्या बसल्या सगळं सांगितलंत.”

“ती परकी लेकरं. घाबरलेली होती, सांगून टाकलं,” सासूबाई म्हणाल्या. “ही घरची आहे. हिला सोपं दिलं तर उद्या लोक म्हणतील, सासूने पास केली.”

मी गप्प बसले. सवयीने. त्याही गप्प बसल्या, मी शिकवलं होतं म्हणून. समोरासमोर आम्ही दोन पेशंट, आणि विचारणारं कोणी नाही. असंच आम्ही आख्खं वर्ष काढलं होतं, एकाच टेबलावर जेवत. त्या बोलतील म्हणून मी थांबले होते, आणि मी विचारलं मात्र नव्हतं.

मदतनीस बाईचं कोडं मला सुटणार नव्हतं. मी ते सोडून दिलं.

“आई, मी डॉक्टर व्हायचं म्हटलं त्यात तुम्हाला काय खटकलं?”

सासूबाईंनी पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली. चष्मा काढला.

“खिडकीतली खुर्ची,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“तुला काय, तू दिवसाला एक आजार आणायचीस. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं. तू समोर बसायचीस, मी विचारायचे. जिन्यात सांगायचे मी लोकांना, सुनेला मीच बघते. आता तू खरी होणार. मग घरात एक डॉक्टर असताना माझ्याकडे कोण येणार? पेपरवालासुद्धा तुलाच जीभ दाखवेल.” त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. “आणि मला तपासशील तू. उठता बसता. ते मला नकोय.”

“नाही तपासणार.”

“तपासशील. स्वभाव असतो.”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही, आणि दोन्ही मार्कांच्या दृष्टीने वाईट होतं.

“मग काय करूया, आई?”

“काय करायचं ते मी सांगू? डॉक्टर कोण आहे?”

कोपऱ्यात कागद चाळल्याचा आवाज झाला. “हे कार्डावर नाही,” डॉक्टर म्हणाले.

“नाहीच आहे,” सासूबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. “कार्डावर चोरीचं आहे. आधीच्या मदतनीस बाईने चोरी केली, आणि ते सांगायला लाज वाटते. ही चोरीचं विचारत नव्हती, तर मी काय करू?”

घंटा वाजली.

घड्याळवाले डॉक्टर पेन धरून कागदाकडे बघत बसले. “आता मी यात लिहू काय?” ते म्हणाले. कोणाला विचारलं होतं ते कळलं नाही.

सासूबाईंनी विचार केला. “लिहा, पाणी कमी पिते.”

कार्डावर नाही

गाडीत आम्ही दोघी मागे बसलो. नवऱ्याने आरसा जरा वळवला.

“काय झालं?”

सासूबाई पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधत होत्या.

“विचारतोय मी.”

“पहिल्या खोलीला वाटलं मी आजारी आहे,” मी म्हटलं. “दुसरीला वाटलं मी आळशी आहे. तिसरीत आई होत्या.”

“कोणाच्या आई?”

“तुझी.”

त्याने गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली. हे पोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. “तिथे काय करत होतीस तू?” त्याने आईला विचारलं.

“काम,” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणजे लिफ्ट वर गेली की खाली आली?”

“मध्ये अडकलीय,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे. कोणीतरी येतं. मीच जातो नेहमी.” आणि त्याने गाडी रस्त्यावर घेतली.

त्यानंतर कॉलेजकडून काही कळेना. वरच्या लोकांचं डोकं दुखत असावं. मी कामावरही जाईना. उमेदवाराने निकाल लागेपर्यंत खोट्या आजारापासून दूर राहावं, असं मॅडमचं म्हणणं. घरी बसून मी त्याच त्या खिडकीबाहेर बघायची. एका सकाळी स्टुलावरची कपड्यांची घडी दिसली नाही.

“पुढचा,” सासूबाई म्हणाल्या.

“मला आता कार्ड नाही मिळत, आई.”

“कार्ड कशाला. बस. झोप कशी लागते?”

“लागत नाही.”

“का?”

मी सांगायला लागले. त्यांनी मध्ये पाणी आणलं नाही. पाण्याचं नावही काढलं नाही. बराच वेळ ऐकल्यावर म्हणाल्या, “हं. आणखी?” हा त्यांचा नवा प्रश्न होता, आणि चांगला होता.

त्याच आठवड्यात फोन आला. त्यांनीच उचलला. पलीकडे मॅडम होत्या. रागावल्या असतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज गोड होता आणि खोलीभर ऐकू येत होता. आजी, तुम्ही छान केलंत, घड्याळवाले सर अजून तुमच्याबद्दल बोलतात. पेशंट म्हणून आमच्याकडे नेहमी याल का?

“पेशंट नको,” सासूबाई म्हणाल्या. “डॉक्टरची जागा असली तर कळवा.”

पलीकडे हसणं ऐकू आलं. ते संपेपर्यंत त्या थांबल्या.

“आणि आमच्या हिचं काय ठरलं?”

“आजी, ते मला सांगता येत नाही.”

“मी नेमकं विचारतेय.”

“तरीही नाही सांगता येत.”

सासूबाईंनी फोन ठेवला, चष्मा पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तिच्याही कार्डावर नसेल.” मग मटाराचं ताट माझ्याकडे सरकवलं. आम्ही सोलत बसलो.

मेडिकलच्या पहिल्या वर्षी शरीररचनेच्या परीक्षेत मी नापास झाले.